सार्वजनिक विहिरीवर कंपनीचा पोहरा

मागच्या रमजानात तरावीहची नमाज आटोपल्यावर आमच्या मोहल्ल्यातील तीन-चार मुले मशिदीच्या ओट्यावर एका मोबाइलभोवती डोकी जुळवून बसली होती. आम्ही जवळ गेलो तेव्हा कळले, की वाद नकाशावरून चालला आहे. कोणालाही भर घालता येते, कोणालाही दुरुस्त करता येतो असा ‘ओपनस्ट्रीटमॅप’ नावाचा जो खुला नकाशा आहे, त्यात त्यांनी आमचे गाव उघडले होते. घराघराची चौकट काढलेली होती. कौलारू घरे, पत्र्याच्या शेडी, पिठाची गिरणी, सगळ्यांची छपरे होती. नाव मात्र एकाचेही नव्हते. मशीदही होती, पण इतर छपरांसारखे एक छप्पर म्हणून. आणि कब्रस्तानातून चक्क एक रस्ता गेला होता. जनाजा नेण्याची जी पायवाट मधून जाते आणि मागच्या भिंतीच्या खिंडारापाशी संपते, तिला कोणी तरी वाहनांचा रस्ता ठरवून पलीकडच्या गल्लीला जोडून टाकले होते. घरपोच सामान आणणारी पोरे मोटारसायकली घेऊन कब्रस्तानात का शिरतात, याचा उलगडा आम्हाला त्या रात्री झाला.

या नकाशात प्रत्येक बदल कोणी केला याची नोंद राहते. ती पाहिली तर रस्ता काढणारा एका कंपनीचा पगारी माणूस निघाला. त्याने आमचे गाव पाहिले असण्याची शक्यता नाही. वरून काढलेल्या छायाचित्रावरून त्याने रेघ ओढली होती. ओट्यावर टेकलेले आमचे हाजीसाहेब म्हणाले, “फुकट नकाशा काढून दिलाय ना? मग चुकलं असेल तर नीट करा. वर नखरे कसले?” त्यावर एक पोरगा म्हणाला, “चाचा, त्यांनी आपल्यासाठी नाही काढला. त्यांच्या गाड्या धावाव्यात म्हणून काढला.”

वाद तिथेच थांबला, कारण सहरीला उठायचे होते. पण आमच्या डोक्यातून तो गेला नाही. आपल्या फायद्यासाठी केलेले, पण सर्वांच्या उपयोगी पडणारे काम पुण्याचे मानायचे की व्यापाराचे? आणि ते काम जेथे होते ती जागा सर्वांची असेल, तर तेथे श्रीमंताचा आणि गरिबाचा हक्क सारखा राहतो का?

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. ओपनस्ट्रीटमॅप 2004 मध्ये इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट या तरुणाने सुरू केला. तेथील सरकारी नकाशे जनतेच्या पैशातून तयार होत, आणि वापरायचे तर जनतेलाच भारी किंमत मोजावी लागे. तेव्हा आपणच फिरून आपला नकाशा का काढू नये, असा साधा विचार त्यामागे होता. 2006 च्या मे महिन्यात काही मंडळी आइल ऑफ वाइट या बेटावर जमली आणि जागा सांगणारी यंत्रे घेऊन, पायी आणि सायकलवर, त्यांनी बेटाचे रस्ते नोंदवले. आज या नकाशात एक कोटीहून अधिक लोकांनी खाती उघडली आहेत. नियमित काम करणारे अर्थातच फार थोडे. (कोणत्या मशिदीच्या बांधकामात याहून वेगळे घडते?) 2012 पासून या माहितीला जो परवाना लागू आहे, त्याचा मथितार्थ असा : ही माहिती कोणीही वापरावी, त्यातून व्यापारही करावा, मात्र ती कोठून घेतली ते सांगावे, आणि तिच्यात भर घालून नवा माहितीसाठा लोकांपुढे आणला तर तोही याच अटींवर खुला ठेवावा.

आपल्या वाचकांना हे ऐकून वक्फ आठवल्याशिवाय राहणार नाही. खैबरची जमीन हाती आली तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी तिचे काय करावे म्हणून प्रेषितांचा (स.) सल्ला विचारला. मूळ राखून उत्पन्न लोकांना द्यावे, असा तो सल्ला होता. मग ती जमीन विकता येणार नाही, बक्षीस देता येणार नाही, वारसांत वाटता येणार नाही, असे ठरले. नकाशाच्या परवान्यात आणि या व्यवस्थेत तेराशे-चौदाशे वर्षांचे अंतर आहे, आणि दोन्ही एकच आहेत असे म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. पण मूळ कोणाच्या खिशात जाऊ नये आणि फळ सर्वांना मिळावे, ही तळमळ दोन्हीकडे दिसते.

आता कंपन्यांकडे वळू. त्या या विहिरीवर अलीकडे आल्या असे नाही. अगदी सुरुवातीपासून आहेत. 2006 मध्ये याहूने आपल्या हवाई छायाचित्रांवरून रेघा ओढायला स्वयंसेवकांना मुभा दिली. 2007 मध्ये एएनडी या डच कंपनीने सगळ्या नेदरलँड्सच्या रस्त्यांची माहिती आणि तिच्याबरोबर भारत व चीन येथील मुख्य रस्त्यांची माहितीही देऊन टाकली. म्हणजे या नकाशात आपल्या देशाच्या हमरस्त्यांचा एक मोठा हप्ता परक्या कंपनीच्या दानातून आला. 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टने बिंगची छायाचित्रे खुली केली. त्याच वर्षी 12 जानेवारीला हैतीत भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा उपयोगी पडेल असा नकाशाच मदतकर्त्यांपाशी नव्हता. उपग्रह कंपन्यांनी ताजी छायाचित्रे दिली आणि जगभरच्या शेकडो स्वयंसेवकांनी घरी बसून काही दिवसांत गल्ल्या, पडलेल्या इमारती, निर्वासितांचे तंबू त्यात नोंदवले. बचावाला गेलेल्या पथकांनी तो नकाशा वापरला. त्या वेळी छायाचित्र देणाऱ्या कंपनीचा हेतू काय होता, हे ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसाने विचारले असते का?

तरीही आम्हाला एक फरक नोंदवावासा वाटतो. पहिल्या दशकात कंपन्या कच्चा माल देत होत्या. रेघ ओढणारा हात स्वयंसेवकाचा होता. पुढच्या दशकात तो हातही पगारी झाला. अॅपल, फेसबुक, अॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, ग्रॅब, उबर अशा कंपन्यांनी या नकाशावर काम करायला माणसे बसवली. मॅपबॉक्ससारख्या कंपनीचा असा एक चमू बंगळुरूमध्येच होता. 2019 मध्ये अँडरसन, सरकार आणि पॅलन या संशोधकांनी अशा कंपन्यांच्या कामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कंपन्यांच्या माणसांचा भर प्रामुख्याने रस्त्यांवर असतो, असे त्यात दिसते. त्यात नवल नाही. गाडी रस्त्यावरून जाते, सामान रस्त्यावरून जाते. पाणपोई, मदरसा, पिराचे ठाणे, गल्लीचे बोलीतले नाव यांवरून कोणाचे बिल निघत नाही. त्याच वर्षी फेसबुकने जाहीर केले, की यंत्रबुद्धीच्या मदतीने आपण थायलंडमधील तीन लाख मैलांहून अधिक रस्ते नकाशात आणले. एवढे काम स्वयंसेवकांच्या दोन पिढ्यांनी केले नसते. पण त्याच सुमारास थायलंडातील स्थानिक नकाशाकार तक्रार करत होते, की आम्ही वर्षानुवर्षे पायांनी तुडवून नोंदवलेले रस्ते, दूर बसलेली कंपन्यांची माणसे छायाचित्र पाहून बिघडवतात. आमच्या कब्रस्तानातील रस्त्याची जात तीच.

येथे आम्हाला एका गोष्टीची कबुली द्यावीशी वाटते. त्या पगारी माणसाचा राग आम्हाला येत नाही. तोही बहुधा आपल्यासारख्याच घरातला, पदवी घेऊन नोकरी शोधत शहरात गेलेला मुलगा असेल. दिवसाकाठी अमुक इतके रस्ते काढायचे, असे त्याला सांगितलेले असेल. त्याला कब्रस्तान दिसले नाही. झाडांमधली एक फिकट रेघ दिसली.

‘कंपनी’ हा शब्द मात्र आपल्याकडे साधा नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या बोलण्यात ‘कंपनी सरकार’ असे. हिंदुस्थानचे शास्त्रीय नकाशे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर काढले ते ईस्ट इंडिया कंपनीनेच. सर्व्हे ऑफ इंडिया आपला जन्म 1767 चा सांगते, तो कंपनीच्या अमदानीतला. ते नकाशे सारा वसूल करायला आणि फौजा हलवायला होते. त्या कामात आपल्या लोकांचे हात होते. अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन हे मुळात जवाहिऱ्याचे काम करणारे कारागीर. मोजणीची नाजूक यंत्रे दुरुस्त करण्यात त्यांचा हात इतका बसला, की जॉर्ज एव्हरेस्टने आपल्या महामोजणीची यंत्रे त्यांच्या हाती सोपवली. आज जगातील सर्वोच्च शिखराला एव्हरेस्टचे नाव आहे. मीर मोहसीन किती जणांना माहीत आहेत?

यापेक्षा जुने उदाहरण अल-इद्रिसींचे. सिसिली बेटावर पालेर्मोत ख्रिस्ती राजा दुसरा रॉजर याच्या पदरी राहून या मुसलमान भूगोलज्ञाने अनेक वर्षे खलाशी, व्यापारी, यात्रेकरू यांच्याकडून माहिती गोळा केली आणि 1154 मध्ये ज्ञात जगाचा नकाशा व ग्रंथ पूर्ण केला. राजाने त्यासाठी चांदीची भली मोठी तबकडी करवून तिच्यावर जग कोरून घेतले. थोड्याच वर्षांत बंडाळी झाली आणि ती चांदी लुटली गेली. ग्रंथाच्या नकला मात्र राहिल्या, आणि अरबीत तो ‘किताब रुजार’, म्हणजे रॉजरचे पुस्तक, या नावानेही ओळखला जातो. पैसा राजाचा, नाव राजाचे, विद्या इद्रिसींची, आणि माहिती ज्या खलाशांची होती त्यांचा पत्ता कोठेच नाही. पण म्हणून राजाचा पैसा हराम ठरला का? तो नसता तर ग्रंथही नसता. कंपन्यांच्या कामाकडे पाहताना ही जुनी गोष्ट आम्हाला दोन्ही बाजूंनी टोचते.

आपल्या समाजात अशा प्रश्नाला एक तयार उत्तर आहे : कर्म नीयतीवर ठरते. हाजीसाहेब आणि तो पोरगा, दोघेही खरे तर नीयतीवरच भांडत होते. आम्हाला वाटते, येथे नीयतीचा आधार पुरा पडत नाही. नीयत अल्लाह जाणतो. ती माणसाच्या आणि त्याच्या निर्मात्याच्या हिशेबातली बाब. कंपनीला तर काळीजच नसते, तिच्या नीयतीचा शोध कोठे घ्यायचा? ती सही करते ती करारावर. तेव्हा माणसांनी आपापसांत पाहायची ती शर्त.

मदिनेतील रूमाच्या विहिरीची हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मक्केहून आलेल्या लोकांना गोड्या पाण्याची चणचण होती आणि त्या विहिरीचे पाणी विकत घ्यावे लागे. ती विकत घेऊन खुली करणाऱ्यास प्रेषितांनी (स.) जन्नतची खूशखबर दिली, आणि हजरत उस्मान (रजि.) यांनी ती घेतली. ही गोष्ट सांगताना आपले वाइज लोक उस्मानांच्या दानशूरपणावर थांबतात. त्या रिवायतीत आणखी एक बारकावा आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. घेणाऱ्याने आपला पोहरा इतर मुसलमानांच्या पोहऱ्यांबरोबरचा समजावा, असे त्यात आहे. म्हणजे दाता पाणी पिणार नाही अशी अट नाही. त्याने जरूर प्यावे, त्याची गुरे-उंटही प्यावेत. पण त्याचा पोहरा आधी आणि दुसऱ्याचा नंतर, असे होऊ नये.

हे माप घेऊन पाहिले, की गोंधळ बराच निवळतो. एखाद्या कंपनीने आपल्या गाड्यांसाठी रस्ते काढले आणि ते सर्वांसाठी खुले राहिले, तर तिने आपल्याबरोबर दुसऱ्यालाही पाणी काढून दिले. त्यात आक्षेपार्ह काही नाही. याउलट गूगलने 2008 मध्ये ‘मॅप मेकर’ सुरू केले, तेव्हा भारतातल्या हजारो हौशी लोकांनी त्यात आपली गावे भरली. ती मेहनत लोकांची, पण साठा कंपनीचा. 2017 मध्ये तो उपक्रम बंद झाला. ज्यांनी गावे भरली त्यांच्या हाती काय राहिले? तेथे विहीरच कंपनीची होती, आणि आपण खुशीने तिच्यात पाणी ओतत होतो.

दानाचीही तपासणी याच मापाने करावी लागते. आपल्या फिकहमध्ये हिबा वेगळा आणि आरियत वेगळी. हिबा म्हणजे दिलेली वस्तू, आरियत म्हणजे वापरायला दिलेली. उपग्रह छायाचित्रे पुरवणाऱ्या मॅक्सर कंपनीची उत्तम छायाचित्रे या नकाशाच्या स्वयंसेवकांना काही वर्षे मिळत होती. 2023 मध्ये ती बंद झाली. कंपनीचा तो हक्कच होता. पण आरियत मिळालेल्या वस्तूला हिबा समजून जे लोक सगळी भिस्त तिच्यावर ठेवतात, त्यांनी नंतर रडू नये.

पोहरा मागे-पुढे करण्याचे प्रयत्न कधी उघड, कधी नकळत होत असतात. 2018 च्या नोव्हेंबरात, नकाशाचा कारभार पाहणाऱ्या फाउंडेशनच्या निवडणुकीच्या तोंडावर, भारतातील एका सॉफ्टवेअर कंपनीच्या सुमारे शंभर कर्मचाऱ्यांनी एकदम सभासदत्वाचे अर्ज भरले. ते मतदानाच्या मुदतीत बसले नाहीत, पण चौकशी झाली. आपल्याकडच्या सहकारी संस्था आणि वक्फ कमिट्या पाहिलेल्यांना या प्रकाराचा अर्थ समजावून सांगायला नको. त्याच महिन्यात फाउंडेशनने संघटितपणे काम करणाऱ्यांसाठी नियमावली स्वीकारली : कोण काम करतो, कशासाठी करतो, कोणत्या खात्यांवरून करतो, हे जाहीर करावे आणि स्थानिक लोकांशी बोलावे. आमच्या पोरांना त्या रस्त्याचा कर्ता सापडला तो अशाच नोंदीमुळे. मग 2022 च्या डिसेंबरात अॅमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉम यांनी ‘ओव्हरचर’ नावाची वेगळी संस्था उभी केली. तीही खुल्या परवान्यांखाली माहिती देते आणि ओपनस्ट्रीटमॅपची माहितीही घेते. मात्र निर्णय वर्गणी भरणाऱ्या सभासदांचे. शेजारी दुसरी विहीर खोदली, झरा तोच आणि रहाट त्यांचा. हे वाईटच आहे असे आम्ही म्हणत नाही. लक्ष ठेवण्याजोगे नक्कीच आहे.

लक्ष ठेवायचे कोणी, हा प्रश्न मात्र आपल्यालाच येऊन चिकटतो. आपल्या किती वक्फ जमिनी सरकारने गिळल्या, यावर आपण तासन्‌तास बोलतो. किती जमिनी आपल्याच मुतवल्लींनी विकल्या, भाड्याने लावल्या, नातेवाइकांना दिल्या, यावर आवाज खाली येतो. वक्फ मोडतो तो दात्यामुळे नव्हे, मुतवल्ली झोपल्यामुळे. या नकाशाचा मुतवल्ली म्हणून कोणी नेमलेला नाही. जो आपल्या गल्लीची नोंद करील तो त्या गल्लीपुरता मुतवल्ली. आणि आपण काय केले? कंपनीच्या माणसाने आमच्या मोहल्ल्यात यायच्या आधी या नकाशात आमचे गाव म्हणजे एक ठिपका होता. तो भरायला कोणी आम्हाला मनाई केली नव्हती. 2021 मध्ये केंद्र सरकारने नकाशांवरचे निर्बंध बरेच सैल केले, ती सबबही उरली नाही.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती हसण्यावारी नेता येणार नाही. ओट्यावरच्या चर्चेत कोणी तरी म्हणाले, “आपली घरं कुठं आहेत ते कशाला जगाला दाखवायचं?” ज्यांनी 1992-93 ची मुंबई पाहिली आहे, त्यांच्यासमोर ही भीती फालतू ठरवण्याची आमची हिंमत नाही. नकाशा रुग्णवाहिकेला घर दाखवतो, तसा दुसऱ्यालाही दाखवतो. आमचे मत एवढेच, की मशीद, कब्रस्तान, दवाखाना, शाळा या सार्वजनिक जागा आहेत आणि ज्याला त्या वाईट हेतूने शोधायच्या आहेत त्याला त्या आजही ठाऊक आहेत. माणसांची नावे आणि घरे यांची नोंद करायला हा नकाशा सांगतही नाही आणि आपण करूही नये. पण हे मत सर्वांना पटावे असा आमचा आग्रह नाही.

नावांचा प्रश्न याहून अवघड. 2023 मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव. या नकाशात चालू नावाबरोबर जुने नाव, दुसरे नाव, निरनिराळ्या भाषांतले नाव लिहायला वेगवेगळी जागा असते. दूरच्या कचेरीत बसलेला माणूस पाटीवरचे एक नाव लिहून पुढे जाईल, त्याचे काम तेवढेच. आजीच्या तोंडी असलेले नाव त्याच्या पगारात येत नाही. ते लिहायला आजीचा नातूच बसला पाहिजे, आणि बसताना समोरच्याचे नाव पुसायचे नाही एवढे त्याने पाळले पाहिजे. द्वेषाने नाव पुसण्याचा खेळ जगात कोठे जातो याचा नमुना 30 ऑगस्ट 2018 ला दिसला. कोणा विघ्नसंतोषी माणसाने या नकाशात न्यूयॉर्कला ज्यूंची कुचेष्टा करणारे नाव दिले होते. स्वयंसेवकांनी ते लवकरच पुसले. पण कंपनीने उचललेल्या प्रतीत ते राहून गेले आणि स्नॅपचॅटसारख्या सेवांवर लाखो लोकांसमोर आले. ज्यूंचे नाव होते म्हणून आपण बाजूला उभे राहिलो, तर उद्या कोणाकडे दाद मागणार?

ईदनंतरच्या पहिल्या रविवारी मुले कब्रस्तानात गेली. आम्हीही गेलो. भिंतीच्या कडेने चालत त्यांनी हद्द घेतली, वाहनांचा रस्ता काढून त्या जागी पायवाट केली, मागचा जोड तोडला, मशिदीचे आणि पाणपोईचे नाव घातले. ज्या माणसाने तो रस्ता काढला होता त्याला दुरुस्तीच्या नोंदीखाली दोन ओळी लिहिल्या : येथे आमची माणसे पुरलेली आहेत, छायाचित्रात ते दिसत नाही. दोन दिवसांनी त्याचे उत्तर आले. त्याने माफी मागितली होती आणि विचारले होते, की आसपासच्या आणखी चार गावांत आपण असेच रस्ते काढले आहेत, तेही कोणी पाहून सांगेल का. त्या चार गावांची यादी पोरांनी मशिदीच्या फळ्यावर लावली आहे. एका गावाला हाजीसाहेबांची बहीण दिली आहे. तिकडे ते स्वतः जाणार म्हणतात. बाकीच्या तिघांपुढे अजून कोणाचे नाव नाही.